चिठ्ठीवरचा पत्ता

एखादी वनस्पती सापडली, तिला शास्त्रीय नाव मिळालं, वाळवलेला नमुना संग्रहालयाच्या कपाटात गेला. एवढं झालं की काम संपलं, असं कुणालाही वाटेल. मग अमेरिकेतले वनस्पतिशास्त्रज्ञ आणि हौशी संग्राहक गाडीत टीपकागद, पुठ्ठे आणि पट्टे टाकून मेरिवेदर लुईस आणि विल्यम क्लार्क यांच्या वाटेनं आजही का निघतात? ज्या फुलांची वर्णनं 1814 सालच्या पुस्तकात छापून आली, ती त्याच डोंगरांत जाऊन पुन्हा कशासाठी शोधायची?

उत्तर नमुन्यासोबतच्या चिठ्ठीत आहे. तिच्यावर जागा आणि तारीख असते. या दोन गोष्टींमुळे वाळलेलं रोप हा त्या ठिकाणच्या त्या दिवसाचा पुरावा ठरतो. असा पुरावा दोनशे वर्षांनीही तपासता येतो. फक्त त्यासाठी त्या पत्त्यावर जावं लागतं.

एका सैनिकाची शिकवणी

अमेरिकेनं 1803 मध्ये फ्रान्सकडून लुइझियानाचा अवाढव्य प्रदेश विकत घेतला. राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांना तिथली नदी, माणसं, जनावरं, झाडं, सगळ्याची माहिती हवी होती. त्यासाठीच्या मोहिमेची तयारी या खरेदीआधीच सुरू झाली होती. त्यांनी निवडलेला लुईस सैन्यातला अधिकारी होता. औषधी झाडपाल्याची ओळख त्याला घरातूनच मिळाली होती, कारण त्याची आई लूसी मार्क्स जडीबुटीच्या उपचारांसाठी पंचक्रोशीत प्रसिद्ध होती. शास्त्रीय शिक्षणासाठी त्याला फिलाडेल्फियात बेंजामिन स्मिथ बार्टन या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे पाठवलं गेलं. नमुना कसा घ्यायचा, कसा वाळवायचा, त्यावर काय लिहायचं, हे तो तिथे शिकला.

14 मे 1804 रोजी लुईस आणि क्लार्क यांची मोहीम निघाली. मिसुरी नदीच्या प्रवाहाविरुद्ध वर, मग रॉकी पर्वत ओलांडून कोलंबिया नदीनं पॅसिफिक महासागरापर्यंत आणि त्याच मुलखातून परत. 23 सप्टेंबर 1806 रोजी मंडळी सेंट लुईसला पोहोचली.

नमुन्यांचा प्रवास मात्र त्यानंतर कितीतरी वर्षं चालूच राहिला. फ्रेडरिक पर्श या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं त्यांतल्या बऱ्याच वनस्पतींचा अभ्यास केला आणि काही नमुने तो लंडनला घेऊन गेला. तिथे त्यानं उत्तर अमेरिकेच्या वनस्पतींवरचा ग्रंथ लिहिला आणि मोहिमेत मिळालेल्या शंभराहून जास्त वनस्पती त्यात नोंदवल्या. त्याचे आश्रयदाते आयल्मर लँबर्ट वारल्यावर त्यांच्या संग्रहाचा 1842 मध्ये लिलाव झाला. त्यातले लुईसचे नमुने एडवर्ड टकरमन या तरुण अमेरिकनानं घेतले आणि पुढे फिलाडेल्फियाच्या अकॅडमी ऑफ नॅचरल सायन्सेसला दिले. उरलेला मोठा भाग फिलाडेल्फियातच अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीकडे पडून होता. कुणाच्या ध्यानीमनी नसलेले ते गठ्ठे थॉमस मीहन यांनी 1896 मध्ये शोधून काढले. आज दोनशेहून जास्त नमुने अकॅडमीत एकत्र आहेत, काही लंडनच्या क्यू उद्यानात आहेत.

वाळलेलं, तरी जिवंत

रोप दाबून वाळवायचं ते पाणी लवकर काढून घेण्यासाठी. पानात पाणी राहिलं की बुरशी येते आणि पेशींतली विकरं रंग व ऊती नासवतात. म्हणून रोप कागदाच्या घडीत पसरायचं, वर-खाली टीपकागद आणि पुठ्ठे लावायचे, पट्ट्यानं आवळायचं आणि ओले झालेले कागद रोज बदलायचे. हवा खेळती असेल तर पातळ पानांचं रोप चार-पाच दिवसांत कडकडीत होतं. एक पान तरी उलटं ठेवायचं, म्हणजे खालची बाजू दिसते. फूल, फळ आणि शक्य तर मूळही हवं. ओळख पटवताना नेमका जो भाग नसतो, त्याचीच गरज पडते.

गाडीतून फिरणाऱ्याला हे सोपं आहे. लुईसला ते होड्यांत आणि घोड्यांच्या पाठीवर करायचं होतं. पॅसिफिकच्या काठी फोर्ट क्लॅटसॉप इथे काढलेल्या हिवाळ्यात तर पाऊस नसलेले दिवस अवघे 12 मिळाले. तिथून आलेली पानं आज ओळखू येतात, यातच त्या माणसाची चिकाटी दिसते.

या संग्रहातली सगळ्यात विलक्षण गोष्ट बिटररूटची आहे. 1 जुलै 1806 रोजी, आजच्या मोंटाना राज्यातल्या लोलो गावाजवळ, ट्रॅव्हलर्स रेस्ट या मुक्कामी लुईसनं हे गुलाबी फुलांचं बुटकं रोप मुळासकट घेतलं. नमुना वाळवला, हजारो मैल वाहून फिलाडेल्फियात आणला. तिथे बर्नार्ड मॅकमॅहन या बागायतदारानं वाळलेली मुळं मातीत लावली, आणि त्यांना पालवी फुटली!

हे कसं झालं, ते समजायला जूनअखेरीस लोलोजवळच्या बिटररूट खोऱ्यात जावं लागतं. गोट्यांच्या, उघड्या, तापलेल्या जमिनीवर मोठ्ठी फुलं थेट मातीतून उगवल्यासारखी दिसतात. पानं शोधू गेलं तर देठाशी सुकलेले धागे हाती लागतात. बर्फ वितळल्यावर ओल असते तेवढ्या थोड्या आठवड्यांत ही पानं अन्न बनवून जाड मुळात साठवतात आणि फुलं येईपर्यंत वाळून जातात. पुढचा कोरडा उन्हाळा मूळ जमिनीखाली निजून काढतं. वाळणं हा या वनस्पतीच्या वर्षाचाच एक भाग आहे. टीपकागदातला काळ तिच्यासाठी लांबलेला उन्हाळा ठरला. पर्शनं तिच्या प्रजातीला लुईसचं नाव दिलं, ‘लुइसिया’. 1895 पासून ती मोंटानाचं राज्यफूल आहे. तिथल्या मूळनिवासी सेलिश लोकांसाठी मात्र ती त्याच्या कितीतरी आधीपासून वसंतात खणून, सोलून, शिजवून खायचं मूळ आहे.

ट्रॅव्हलर्स रेस्टची नेमकी जागा ठरवायला वनस्पतींचा नव्हे, औषधांचा उपयोग झाला. मोहिमेतली माणसं पोट साफ करण्यासाठी पारायुक्त गोळ्या घेत. 2002 मध्ये पुरातत्त्व अभ्यासकांना तिथे शौचाच्या चरात पाऱ्याचे अंश सापडले आणि मुक्काम आधी समजत होते त्यापेक्षा वेगळ्या ठिकाणी होता, हे कळलं. नमुन्याची जागा तपासू पाहणाऱ्याला असा पुरावा सोन्यासारखा.

गाडी खाली, वाट वर

लोलोवरून अमेरिकन महामार्ग 12 पश्चिमेला चढतो, 5,233 फुटांवरच्या लोलो खिंडीतून आयडाहो राज्यात उतरतो आणि लॉक्सा नदीच्या कडेकडेनं क्लिअरवॉटरपर्यंत जातो. या रस्त्याला लुईस-क्लार्क यांचं नाव आहे, कडेला माहितीचे फलक आहेत. गाडीतल्या माणसाला वाटतं, आपण त्यांच्याच वाटेवर आहोत.

बहुतेक अंतर ते खरं नसतं. नेझ पर्स लोकांची (ते स्वतःला निमीपू म्हणवतात) जुनी वाट नदीच्या अरुंद, दाट घळईतून जात नव्हती, ती वर डोंगरधारेवरून जाई. मोहिमेनं तीच धरली. घळईतला महामार्ग 1962 मध्ये पुरा झाला. दोन वाटा नकाशावर शेजारी दिसतात, पण उंचीत शेकडो मीटरचं अंतर आहे, आणि डोंगरात उंची बदलली की झाडं बदलतात. खाली नदीकाठी सावलीत पश्चिमी तांबड्या सीडरचे अजस्र बुंधे आणि नेचे. वर वाऱ्यावर खुजी झालेली पाइन आणि फर, मधल्या कुरणांत उन्हाळी फुलं. महामार्गालगत गोळा केलेला नमुना लुईसच्या नमुन्याशेजारी ठेवून निष्कर्ष काढला, तर दोनशे वर्षांचा फरक समजून आपण केवळ चढणीचा फरक मोजत बसू.

म्हणून खरा माग काढणारा लोलो मोटरवे या कच्च्या वनरस्त्यावर वळतो. 1930 च्या दशकात बांधलेला हा रस्ता धारेजवळून जातो. अरुंद, खडबडीत, आणि बर्फामुळे उन्हाळ्याचे थोडे महिनेच उघडा. इथे एका दिवसात फार मैल होत नाहीत. पण मोहिमेच्या रोजनिशीतली ‘ओढा ओलांडला, डावीकडे कुरण’ अशी ओळ समोरच्या जमिनीवर ठेवून पाहता येते. गॅरी मोल्टन यांनी संपादित केलेल्या रोजनिश्यांच्या 13 खंडांपैकी बारावा खंड पूर्णपणे वनस्पतींच्या नमुन्यांना दिलेला आहे. तो मांडीवर घेऊन धारेवर बसणं यासारखा भूगोलाचा दुसरा धडा नाही.

खड्ड्यात भाजलेला कंद

धार उतरली की वीआइप प्रेअरी हा गवताळ सपाट प्रदेश येतो. सप्टेंबर 1805 मध्ये मोहीम इथे पोहोचली ती उपाशी. बर्फातून येताना त्यांनी घोड्याची शिंगरं कापून खाल्ली होती. नेझ पर्स लोकांनी त्यांना सुके सामन मासे आणि कॅमसचे कंद दिले. माणसं तुटून पडली आणि आजारी पडली.

पुढच्या जूनमध्ये हीच जागा निळी झाली होती. कॅमसची फुलं एवढी दाट होती, की लांबून लुईसला तळ्याचं पाणी वाटलं. 23 जून 1806 रोजी त्यानं इथे नमुना घेतला. त्याआधी, 11 जूनला, त्यानं कॅमसवर रोजनिशीत लांबलचक टिपण लिहिलं: रोप, फूल, कंद आणि शिजवण्याची रीत. जमिनीत खड्डा, तळाशी तापवलेले दगड, त्यावर गवत, मग कंद, पुन्हा गवत, वर माती आणि मातीवर आग. रायगडात थंडीत पोपटी लावताना वालाच्या शेंगा भांबुर्डीच्या पाल्यासकट मडक्यात कोंडून भाजतात, तशीच ही कोंडलेल्या वाफेची भट्टी. फक्त कॅमसला कितीतरी जास्त वेळ लागतो.

वेळ का लागतो? कंदात पिष्ट नसून इन्युलिन नावाची लांब साखळीची शर्करा असते. आपलं आतडं ती पचवू शकत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू ती आंबवतात आणि पोट फुगतं. बराच वेळ दमट उष्णता मिळाली की साखळ्या तुटून फळातली गोड साखर, फ्रुक्टोज, सुटते. पांढरट, चिकट कंद काळसर आणि गोड होतो. हे ज्ञान नेझ पर्स, सेलिश आणि आसपासच्या लोकांचं होतं, आणि त्यात जीवघेणी बारकाईही होती. त्याच कुरणात ‘मृत्युकॅमस’ वाढतो. त्याचा कंद दिसायला जवळजवळ तसाच, पण विषारी. त्याची फुलं पांढरट-पिवळसर असतात, म्हणून फुलोऱ्याच्या दिवसांत दोन्ही नीट वेगळे ओळखता येतात.

या मोहिमेच्या वनस्पतिज्ञानात स्थानिक लोकांचा वाटा केवढा मोठा आहे, हे इथे ठसठशीत दिसतं. मोहिमेसोबत असलेली शोशोनी जमातीतली सॅकाजवेया वाटेत खाण्याजोगी मुळं शोधून खणत असे. मे 1806 मध्ये तिनं बडीशेपेच्या कुळातल्या एका रोपाची मुळं गोळा केल्याची नोंद आहे. पर्शनं दिलेल्या शास्त्रीय नावांत लुईस आणि क्लार्क आहेत, ती मात्र नाही. आज ज्या भूमीवर हे गट राहतात, कंद खणतात, तिथे त्यांच्या संमतीशिवाय रोप काढणं कायद्यानंही चूक आणि माणुसकीनंही.

जिथे मुक्काम, तिथे नमुने

संग्रहाच्या तारखा ओळीनं लावल्या की एक गोष्ट लक्षात येते. पर्वतातले बरेचसे नमुने परतीच्या प्रवासातले आहेत, आणि त्यांचा मोठा पुंजका आयडाहोतल्या आजच्या कॅमिआय गावाजवळचा आहे. तिथे वनस्पती जास्त होत्या म्हणून नव्हे. पुढे डोंगरात बर्फ होतं, म्हणून मोहीम मे 1806 च्या मध्यापासून जवळजवळ महिनाभर तिथे अडकली होती. पुढे जूनमध्ये निघाल्यावरही बर्फानं एकदा माघारी पाठवलं. हातात वेळ, समोर वसंत. लुईस गोळा करत राहिला.

याला संग्रहाचा कल म्हणता येईल. नमुन्यांची संख्या जशी निसर्गामुळे ठरते, तशी माणसाच्या वेळापत्रकामुळेही. आजच्या संग्रहांचा कल रस्त्यांकडे असतो, कारण गाडी थांबते तिथे माणूस उतरतो. त्यामुळे ‘लुईसला हे रोप इथे मिळालं नव्हतं’ या वाक्याचे दोन अर्थ होतात: ते तिथे नव्हतं, किंवा तो त्या दिवशी वीस मैल चालून दमला होता. रोजनिशी वाचल्याशिवाय यांतला कोणता खरा, ते कळत नाही.

काही बाबतींत मात्र शंका नाही. युरेशियातून आलेलं चीटग्रास हे गवत आणि बिटररूट खोऱ्यात माजलेलं ठिपकेवालं नॅपवीड ही तणं एकोणिसाव्या शतकात, मोहिमेनंतर बऱ्याच वर्षांनी, उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेत शिरली. चीटग्रास शरदातच रुजतं, वसंतातली ओल इतरांच्या आधी शोषून घेतं आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच वाळून काडी होतं. मग वणवे लवकर आणि वारंवार लागतात. चीटग्रास बियांतून पुन्हा उठतं, तिथली मूळची सेजब्रश झुडपं मात्र जळाली की सहज परतत नाहीत. आजच्या संग्राहकानं हे गवतही दाबून ठेवायला हवं. दुर्मिळ फूल मिळाल्याचा आनंद मोठा असला, तरी पुढच्या शतकातल्या अभ्यासकाला बदलाची कहाणी या रटाळ गवतावरूनच कळणार आहे.

कॅमिआयच्या मुक्कामाची एक देणगी फार दूर गेली. 1 जून 1806 रोजी लुईसला चिरलेल्या पाकळ्यांचं एक सुंदर गुलाबी-जांभळं फूल मिळालं. पर्शनं त्याला क्लार्कचं नाव दिलं: क्लार्किया पल्केला. पुढे डेव्हिड डग्लस यांनी त्याचं बी इंग्लंडला पाठवलं. 1827 मध्ये रॉबर्ट ब्राउन यांनी याच फुलाच्या परागांतले बारीक कण पाण्यात टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर ते अखंड थरथरत होते. हीच ती ‘ब्राउनीय गती’. तिचं गणित मांडून आइनस्टाइननं 1905 मध्ये रेणूंच्या अस्तित्वाला भक्कम आधार दिला.

पानात साठलेली हवा

जुन्या नमुन्यांतून आज असे प्रश्न सोडवता येतात, जे गोळा करणाऱ्याच्या मनातही नव्हते. पानाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म छिद्रं असतात, त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. त्यांतून कार्बन डायऑक्साइड आत येतो, पण त्याच वाटेनं पाण्याची वाफही निसटते. हवेत कार्बन डायऑक्साइड जास्त असेल, तर कमी रंध्रांत झाडाचं भागतं आणि पाणी वाचतं. इयान वुडवर्ड यांनी 1987 मध्ये संग्रहालयातल्या जुन्या पानांची आणि आजच्या पानांची रंध्रं मोजली, तेव्हा दोनशे वर्षांत त्यांची दाटी सुमारे 40 टक्क्यांनी घटलेली दिसली. लुईसच्या काळी हवेत दर दहा लाख भागांत सुमारे 280 भाग कार्बन डायऑक्साइड होता. आज तो 420 च्या वर आहे. हे पडताळायचं तर जुन्या पानासाठी त्याच जातीचं, त्याच ठिकाणचं, त्याच हंगामातलं नवं पान हवं.

आणि ‘त्याच ठिकाणचं’ हे शब्द किती महत्त्वाचे, ते दक्षिण अमेरिकेतल्या एका उदाहरणावरून कळतं. अलेक्झांडर फॉन हंबोल्ट 1802 मध्ये इक्वेडोरच्या चिंबोराझो पर्वतावर चढले. कोणत्या उंचीवर कोणती वनस्पती, याचं त्यांनी काढलेलं चित्र जगप्रसिद्ध आहे. 2012 मध्ये शास्त्रज्ञांनी तीच चढण चढून मोजणी केली आणि 2015 मध्ये जाहीर केलं, की वनस्पती 500 मीटरहून जास्त वर सरकल्या आहेत. 2019 मध्ये दुसऱ्या गटानं हंबोल्टच्या मूळ नोंदी तपासल्या. उंचावरच्या बऱ्याच वनस्पती चिंबोराझोवर नव्हे, तर अँटिसाना या दुसऱ्या पर्वतावर गोळा झाल्या होत्या. तिथे जाऊन हिशेब मांडल्यावर सरकण 215 ते 266 मीटर निघाली. तापमानवाढीचा परिणाम खराच होता, पण पत्ता चुकल्यामुळे आकडा दुपटीनं फुगला होता.

> चौकट: आजच्या चिठ्ठीवर काय असतं?
> अक्षांश-रेखांश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव आणि क्रमांक. माती, उतार, सावली, सोबतची झाडं. वाळल्यावर उडून जाणाऱ्या गोष्टी, म्हणजे फुलाचा रंग, वास, चीक, झाडाची उंची, याही इथेच लिहायच्या. डीएनएसाठी पानाचा तुकडा सिलिका जेलमध्ये वेगळा ठेवतात. राष्ट्रीय वनं आणि उद्यानांत आधी परवाना लागतो. निदान वीस रोपं दिसली तरच एक घ्यायचं, असा संग्राहकांचा प्रचलित दंडक आहे. त्याहून कमी असतील तर छायाचित्रावर भागवायचं.

पुरात गेलेला संग्रह

लुईसच्या संग्रहात एक मोठी पोकळी आहे. 1805 च्या उन्हाळ्यात मिसुरीवरच्या ग्रेट फॉल्स धबधब्यांना वळसा घालून होड्या आणि सामान जमिनीवरून ओढत न्यावं लागलं. ओझं कमी करण्यासाठी फोर्ट मंडान या पहिल्या हिवाळी मुक्कामापासून तिथवर गोळा केलेली रोपं व्हाइट बेअर बेटांजवळ खड्ड्यात पुरून ठेवली. 13 जुलै 1806 रोजी परत येऊन खड्डा उघडला, तर वसंतातल्या पुराचं पाणी आत शिरलं होतं. रोपांचा सगळा संग्रह गेला होता.

म्हणूनच आज माग काढणाऱ्यांसाठी हा टापू सगळ्यात मोलाचा आहे. रोजनिशीत वर्णन आहे, पण सोबत नमुना नाही. कोणती वनस्पती म्हणायची होती, हे तिथल्या आजच्या वनस्पतींवरूनच ताडावं लागतं. त्यातही गॅरिसन आणि फोर्ट पेक धरणांच्या जलाशयांनी नदीकाठचा मोठा पट्टा बुडवला. त्या पाण्याखालच्या पत्त्यावर आता कुणी जाऊ शकत नाही.

मोंटानात फोर्ट पेकच्या वरच्या अंगाला मिसुरीचा 149 मैलांचा भाग उरला आहे. 1976 पासून तो संरक्षित आहे आणि तिथे रस्ते फार थोडे असल्यानं गाडी सोडून होडीत बसावं लागतं. काठावर कॉटनवूडचे जुने वृक्ष उभे आहेत. याच जातीचे बुंधे कोरून मोहिमेनं होड्या केल्या होत्या. त्यांच्याखाली रोपं मात्र जागोजागी कमी दिसतात. कॉटनवूडचं कापशी बी जूनच्या सुमारास उडतं आणि जेमतेम एक-दोन आठवडे जिवंत राहतं. त्याला पुरानं नुकताच आणलेला उघडा, ओला गाळ लागतो. पाणी हळूहळू ओसरतं तसं मूळ ओलीचा पाठलाग करत खाली जातं. वरच्या धरणांनी पुराचा जोर कमी केला, तसे नव्या गाळाचे पट्टेही कमी झाले. लुईसची रोपं ज्या वसंतातल्या पुरात बुडाली, तसल्याच पुरांवर ही झाडं वाढत आली होती. तिथे जाणारे संग्राहक हल्ली मोठ्या झाडाच्या फांदीसोबत बोटभर रोपंही दाबतात आणि चिठ्ठीवर पाण्यापासूनचं अंतर लिहितात.